पांढुर्ण्याला न आलेलं रीळ

काकाजी आधी डोळ्यांवर आडवा हात धरायचे आणि म्हणायचे, "लाइट बंद करा बरं कोनी."

लाइट लागलेला नसायचाच. सकाळचे दहा-साडेदहा वाजलेले, खिडकीतून ऊन थेट पलंगावर आलेलं. पण अंधार केल्याशिवाय पिक्चर सुरू होत नाही, असं त्यांचं म्हणणं. मग ते भिंतीला टेकून उभे राहायचे. शेजारी खुर्ची असायची, पण बसायचे नाहीत. मान थोडी वाकडी करून मला विचारायचे, "पाहून राहिल्या ना, मॅडम?"

मी काय पाहणार, कपाळ! समोर चुन्याची भिंत, भिंतीवर किराणावाल्याचं कॅलेंडर, आणि माझ्या दोन्ही हातांत त्यांच्या बायकोचा डावा पाय.

मी फिजिओथेरपिस्ट. पांढुर्ण्यात या शब्दाची फार ओढाताण होते, म्हणून बहुतेक लोक मला 'कसरतवाल्या मॅडम' म्हणतात. म्हणोत बापडे. माहेर माझं सौंसरचं, लग्न करून इथं आले. आता पांढुर्णा जिल्हा झाला, ऑफिसांच्या पाट्या वाढल्या, पण माझे पेशंट तेच. गोटमारीनंतरचे पंधरा दिवस सोडले, तर गुडघे नाहीतर लकवा. तुम्हीही अशा घरांत गेला असाल. मधल्या खोलीत पलंग, पलंगाखाली भांडं, आणि घरातली सगळी माणसं हळू आवाजात बोलत असतात.

काकाजींच्या घरात मात्र कोणी हळू बोलत नव्हतं. काकू तर मुळीच नाही. अर्धं अंग गेलं होतं, तोंड शाबूत होतं. पहिल्याच दिवशी मी पाय उचलला, तशी त्यांनी उजव्या हातानं माझ्या मनगटावर फाडकन मारलं. "हात नको लावू! मरू दे मले सुखानं."

"सावरगावची हाये मॅडम," काकाजी दारातून म्हणाले. "नेम चुकत नाही तिचा."

सावरगाव आणि पांढुर्णा यांच्या मधे फक्त जाम नदी आहे, आणि वर्षातून एकदा, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, गोटमारीत दोन्ही गावं तिच्यावरून एकमेकांवर दगड मारतात. पण लग्नाला इतकी वर्षं होऊनही या घरात ती नदी रोज दुथडी भरून वाहायची. भाजीत मीठ जास्त झालं तरी काकाजी म्हणत, "सावरगावचं मीठच खारट." काकू हातात जे असेल ते उगारत.

त्या पहिल्या दिवशी मी सामान आवरून निघणार होते. इतक्यात काकाजींनी डोळ्यांवर हात धरला, लाइट बंद करायला सांगितलं, आणि एका पोरीची गोष्ट सुरू केली. काकू तोंड फिरवून ऐकत राहिल्या. मी हळूच पाय उचलला. त्यांनी पाहिलं, पण ओरडल्या नाहीत. पिक्चर चालू असताना ओरडायचं नाही, अशी त्या घरची रीत होती बहुतेक.

पिक्चर मुका होता. म्हणजे काकाजींच्या बापाच्या तरुणपणचा, तंबूत दाखवायचे तो. काकाजींनी स्वतः तो कधीच पाहिला नव्हता. बाप त्या तंबूचे खुंटे ठोकायला लागला होता. आत बसून पाहायची सोय नव्हती. "आमच्या लोकायले तवा कोन बसू देते आत?" एवढंच काकाजी म्हणायचे आणि पुढे सरकायचे. बाप पडद्याच्या मागच्या अंगाला, दोर धरून बसायचा, आणि कपड्यातून आरपार दिसायचं तेवढं पाहायचा. पुढं उभा राहून गोष्ट समजावून सांगणारा एक मास्तर होता. तो एका मुक्कामी दारू पिऊन झोपला. पब्लिक बोंबलायला लागली. तेव्हा बापानं पडद्यामागूनच सांगायला सुरुवात केली. माणूस दिसत नव्हता, नुसता आवाज. "लोकायले वाटे, पिक्चरच बोलून राहिलं!" हे सांगताना काकाजींची छाती फुगायची. त्या दिवसापासून मास्तरची सुट्टी झाली, आणि बाप मात्र शेवटपर्यंत पडद्याच्या मागंच राहिला.

म्हणून त्यांच्या पिक्चरमध्ये जो बुवा होता, तो डावखुरा होता. मागून पाहिलं की सगळं उलटं दिसतं. मी एकदा म्हटलंही, "काकाजी, खरं तर तो उजवाच हात असेल हो." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा बोलले नाही.

आता गोष्ट सांगते, कारण तिच्याशिवाय पुढचं कळायचं नाही. एक पोरगी असते, पायानं लुळी. तिची माय तिला डाल्यात बसवून डोक्यावर घेऊन फिरते. गावाबाहेरच्या पडक्या देवळात एक माणूस लपून राहिलेला असतो. बाजारात चोरी करून पळालेला. लोक त्याला बुवा समजतात, पाया पडतात. तोही पोटासाठी बुवा होतो. मग एक दिवस ती माय डालं घेऊन देवळात येते. बुवा तिला हात जोडतो, म्हणतो, बाई, माह्या हातात काही नाही. माय म्हणते, "तुह्या हातात नसन. पन माह्या पोरीले वाटते, हाये. तू फक्त ठेव."

इथं काकाजींचा आवाज बारीक व्हायचा. "बुवा हात ठेवते. हात कापून राहिला त्याचा... अन् पोरगी उठते." मग धोतराच्या सोग्यानं डोळे पुसत. उठलेली पोरगी पाहून बुवाच घाबरतो आणि रातोरात गाव सोडून पळून जातो, हा शेवट ते पाणी पिऊन झाल्यावर सांगत.

"तुम्ही तर बुवा-बाबा मानत नाही," मी चिडवायची. माणूस दर रविवारी विहारात वंदनेला जाणारा. गल्लीत कुणी अंगारा वाटायला आलं तर दारातून परत पाठवणारा.

"मानत नाही तं नाहीच," ते म्हणायचे. "बुवा खोटाच हाये मॅडम. पन पोरगी उठते तवा माह्या अंगावर काटा येते, त्याले मी काय करू?"

त्यांच्या नागपूरच्या नातवानं या पिक्चरचा खूप शोध घेतला होता. सुरुवातीचा तुकडा तंबूत यायच्या आधीच जळाला होता, त्यामुळे नावसुद्धा कुणाला ठाऊक नव्हतं. नाव नाही तर शोधायचं काय? जाणकार म्हणाले, त्या काळच्या पिक्चरांची रिळं कुठे जळली, कुठे सडली, कुठे चांदी काढायला उकळली. हाही गेला असेल. म्हणजे हा पिक्चर आता फक्त स्टेशनामागच्या त्या एका खोलीत, एका म्हाताऱ्याच्या तोंडात उरला होता. काकाजींना त्याचा केवढा अभिमान! "माहा बाप गेला तवा घरात भांडं नव्हतं धड. हे देऊन गेला मले," असं म्हणायचे. बापाचं नाव घेतलं की दोन्ही हात आपसूक जुळायचे.

माझ्या कसरती जसजशा अवघड होत गेल्या, तसतसा पिक्चर लांबत गेला. टाच ताणायची वेळ आली की त्यात आठवडी बाजार भरायचा. गुडघा वाकवताना नदीला पूर यायचा. पुढे पुढे मीच सांगायची, "काकाजी, आज खांदा आहे, जरा मोठा पूर येऊ द्या." एकदा बाजारात संत्र्यांच्या बैलबंड्या आल्या. काकू डोळे मिटून दात-ओठ खात होत्या, त्यातूनही म्हणाल्या, "त्या पिक्चरात संत्र्याची बंडी कधीपासून आली वो?"

"होतीच. मागून येऊन राहिली होती. सावरगावची होती, म्हनून उशीर झाला."

काकू हसल्या. हसताना तोंडाची डावी बाजू पहिल्यांदा थोडी हलली. मी ते काकाजींना दाखवलं, तर त्यांनी बाहेर जाऊन उगाच अंगण झाडलं.

अशानं काकू पलंगाच्या कडेला बसू लागल्या. मग वॉकर धरून उभ्या राहू लागल्या. आणि तिथंच गाडी अडली. पायात ताकद आली होती, मी हाताखाली मोजत होते ना! पण पाऊल म्हणून टाकायच्या नाहीत. "पडन मी," एवढं एकच. मी रागावले, गोड बोलले, पाया पडले. नाही म्हणजे नाही. लकव्यात सुरुवातीचे महिने हातचे गेले की पाय आखडून बसतो, मग कोणी काही करू शकत नाही. हे मी काकाजींना स्पष्ट सांगितलं. आयुष्यभर रेल्वेत कीमॅन होते ते, रुळांच्या चाव्या ठोकत ऊन-पावसात कोसच्या कोस चाललेला माणूस. त्यांना चालणं म्हणजे काय ते मी काय सांगायचं? ते नुसते मान हलवत राहिले.

अशात बोरगावहून काकूंची धाकटी बहीण आली. सोबत संत्री आणली आणि एक बातमी. तिकडे एका खेड्यात कुणी बाबा आहे, गुरुवारी बसतो, हात ठेवतो, माणूस उभा होतो.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या बाबाकडचा एक पेशंट मी पाहिला होता. एका बागाइतदाराची आई. तिथं पहिली अट, डॉक्टरच्या गोळ्या बंद. तिच्या बीपीच्या गोळ्या बंद झाल्या आणि दुसरा झटका आला. होती ती वाचाही गेली. हे सगळं मी काकूंना तिथंच सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, "तिचा भरोसा कच्चा असन."

काकाजी कडाडले, "काही जायचं नाही तिथी! माह्या घरातलं मानूस बुवाच्या पायावर नाही जाईन."

तेव्हा काकूंनीच त्यांना विचारलं, "सारी जिनगी तुम्ही मले त्या पोरीचं सांगून राहिले. ते उठली का नाही? तिची माय डोक्यावर घेऊन गेली तिले. अन् तुम्ही मले गाडीत घालून नाही नेत?"

आपण इतकी वर्षं पिक्चर सांगतोय आणि बायको ते खरं धरून बसली आहे, हे काकाजींच्या ध्यानीमनी नव्हतं.

बहिणीनं गुरुवारची गाडी ठरवून टाकली. तिचा मुलगा घेऊन येणार होता.

बुधवारी मी गेले तेव्हा काकाजी खुर्चीत बसले होते. मी पाय हातात घेतला, तरी उठले नाहीत, डोळ्यांवर हात धरला नाही. बसूनच सांगायला लागले. बाजार नाही, पूर नाही. सरळ देवळात आले. माय आली, डालं उतरवलं, बुवानं हात जोडले, माय म्हणाली ठेव. आणि काकाजी थांबले.

"याच्या पुढचं रीळ पांढुर्ण्याले आलंच नाही," ते म्हणाले.

काकूंनी मान वळवली. "काय?"

"शेवटचं रीळ. इटारशीकून येता येता गाडीतच राहून गेलं पेटीसकट. तंबू भरलेला होता. लोक पैसे वापस मांगून राहिले, तंबू फाडाले निघाले. पडद्यावर काहीच नव्हतं, नुसता पांढरा कपडा. तवा बापानं मागून सांगून टाकलं, पोरगी उठली म्हनून. मनानंच. उठली का नाही, कोनालेच मालूम नाही."

"म्हंजे तुमचा बाप खोटं बोलला?"

"हाव."

"साऱ्या गावाले?"

"हाव."

"अन् मले?"

"तुले बी."

काकूंनी भिंतीकडे तोंड केलं. मी कसरती तशाच उरकल्या आणि निघाले. अंगणात स्कूटीपाशी मी त्यांना विचारलं, खरंच का हो? ते म्हणाले, "मॅडम, तिच्या बीपीच्या गोळ्या संपत आल्या. नाव लिहून देजा." मला ते खरंच वाटलं. तुम्हालाही वाटलं असतं, असा चेहरा होता त्यांचा.

गुरुवारी गाडी आली आणि रिकामी परत गेली. "मले नाही याचं," काकू बहिणीला म्हणाल्या. मी मनात टाळी वाजवली. पण काकूंनी त्याच दिवसापासून काकाजींशी बोलणं टाकलं. असं टाकलं, की त्यांच्या हातचं पाणी नको, त्यांच्या हातची भाकर नको. शेजारची सून दोन वेळा ताट द्यायची. प्रश्न होता चहाचा. काकूंना सकाळी चहा लागायचाच, आणि आजारपणात तो काकाजीच करायचे. ते कप ठेवायचे, तो तसाच गार व्हायचा. वरची साय बघून जीव जायचा माझा.

चार-सहा दिवस असे गेले. मग एक दिवस मी दारात चपला काढल्या आणि पाहते तर पलंग रिकामा! धावत आत गेले. काकू स्वैपाकाच्या ओट्याला छातीनं रेटून उभ्या होत्या. वॉकर मागं आडवा पडलेला. उजव्या हातात साखरेचा डबा, डावा हात ओट्यावर टेकवलेला. दूध उतू जाऊन शेगडीभर झालं होतं. मी धरायला गेले तर खेकसल्या, "सरक!"

काकाजी मागच्या दारात उंबऱ्यावर बसले होते. काकू पलंगावरून उठल्यापासूनचं सगळं त्यांनी पाहिलं असणार. चौकट दोन्ही हातांनी धरून ठेवली होती, पण जागचे हलले नव्हते.

"एकच कप?" त्यांनी विचारलं.

"एकच," काकू म्हणाल्या. बोलणं टाकल्यानंतरचा हा पहिला शब्द.

पुढं वॉकर सुटला, काठी आली. महिन्याभरात चहा दोन कपांचा झाला, सावरगाव-पांढुर्णाही पुन्हा सुरू झालं. मी घरी जाणं कमी केलं. पण त्या बुधवारनंतर काकाजींनी पिक्चर सांगितला नाही. मी म्हटलं तरी नाही. दिवाळीत नातू आला, मोबाइल उभा करून म्हणाला, आजोबा, एकदा सांगा, भरून ठेवतो. ते म्हणाले, "शेवट नाही त्याले. अर्ध्या पिक्चरची कायची आठवन ठेवतं बाबू?" नातू हिरमुसला. मलाही राग आला. एवढ्या हौसेनं जपलेली गोष्ट कुणी अशी टाकून देतं का?

गेल्या थंडीत काकाजी गेले. छातीत दुखलं, नागपूरला न्यायचं ठरलं, गाडी येईपर्यंत सगळं संपलं होतं. काकू काठी टेकत फाटकापर्यंत त्यांच्या मागं चालत गेल्या. पुण्यानुमोदनाला मी गेले होते, पण गर्दीत बोलणं झालं नाही.

मग एकदा सहज गेले. काकूंनी मला बसवलं, स्वतः आत जाऊन चहा ठेवला. भिंतीपाशी खुर्ची होती, तिच्यावर वाळलेले कपडे ठेवले होते. बोलता बोलता मी म्हटलं, "ते शेवटचं रीळ आलं असतं तर बरं झालं असतं ना काकू? काकाजींना फार आवडायचा तो पिक्चर."

"आलं होतं ना," काकू म्हणाल्या.

"म्हणजे?" मी विचारलं.

"माह्या सासऱ्यानं मले सोता सांगतलं होतं, नवी नवरी होतो तवा. चुलीपाशी बसून. पोरगी उठली तवा पडद्यावर तिची सावली केवढी झाली, ते बी सांगतलं. पडद्यामागं बसून पाह्यलेला मानूस तो. ते काय मनानं सांगतलं होतं?"

"मग काकाजी त्या दिवशी..."

"खोटं बोलून राहिले होते. मले तवाच समजलं." त्यांनी चहा गाळला. "बुवाकडे नको जाऊ म्हनून. पन राग असा आला मले, असा आला! बापाचं नाव घेतलं तरी हात जोडनारा मानूस. त्यानं मेलेल्या बापाले माह्यापायी खोटं पाडलं. तुह्यासमोर. जे एक देऊन गेला होता बाप, ते बी मोडून टाकलं."

कप माझ्या हातात देऊन त्या पलंगावर टेकल्या. डोळ्यांतलं पाणी पदरानं पुसलं नाही, तसंच राहू दिलं.

"आता सांग पोरी," त्या म्हणाल्या, "एवढं केल्यावर मी पडून कशी राहू?"